इंझोरीला न थांबण्याचा रस्ता

सासुरवाडीच्या दारावरून सायकलने न थांबता जाता येतं, हे मी नकाशावर सिद्ध केलं होतं.

मी कारंजाला एका शाळेत भूगोल शिकवतो. नकाशा हा माझा पोटापाण्याचा विषय, त्यामुळे रस्त्यांच्या बाबतीत गावात माझ्या शब्दाला वजन होतं. (वजन मलाही होतं. म्हणून तर सायकल आली.) डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहून सांगितलं, "सर, साखर वाढली. रोज पायी फिरा, नाहीतर सायकल चालवा." कारंजात पायी फिरायचं म्हणजे दर चार घरांवर कोणीतरी विचारणार, "काय सर, गाडी बिघडली काय?" सायकलवर निदान उत्तर न देता पुढे निघून जाता येतं. म्हणून मी सायकल घेतली.

साधीसुधी नाही! बारीक टायरची, वळलेल्या हँडलची, एका हाताने उचलता येणारी. तिच्यासोबत खास बूट आले. ते पेडलला खटकन अडकतात आणि पाय निसटत नाही. सोडवायचे असतील तर टाच बाहेरच्या अंगाला झटकावी लागते. दुकानदार हे समजावून सांगत होता तेव्हा मी निळे बूट घ्यावेत की लाल, या विचारात होतो. सायकलवाल्यांची ती घट्ट काळी चड्डी घालून मी पहिल्यांदा बाहेरच्या खोलीत आलो, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे मंगलाने, हातातला झाडू खाली ठेवला.

"हे आतले कपडे हायत का बाहेरचे?"

"बाहेरचे."

"मंग मागच्या दारानं जा."

जोडीदार मिळाले उंबरकर वकील. वकीलसाहेब सायकल चालवतात कमी आणि तिच्याबद्दल बोलतात जास्त; पण दोघं असलो की लोक वेड्यात काढताना जरा बिचकतात, असा आमचा अनुभव होता. काही महिने आम्ही धनजकडे जाऊन आलो. पण सपाट रस्त्यावर सायकलवाल्याला मान नाही. वकील एक दिवस म्हणाले, "सर, तुम्ही भूगोलवाले. डोंगर, जंगल अन् तळं, तिन्ही एकाच फेरीत येईल असा रस्ता काढा नं."

मी काढला. कारंजातून निघायचं, सोहोळच्या काळविटांच्या जंगलातून चढत जायचं, मग लांबलचक उतार, मग अडाण धरणाचं पाणी उजवीकडे ठेवून वळसा मारायचा आणि घरी. पावसाळ्यात त्या टेकड्या अशा हिरव्या होतात की रोज तिथून दूध घेऊन येणारा माणूसही एखाद्या दिवशी मोटरसायकल उभी करून बघत बसतो. रस्त्यात खोट एकच होती. तो लांबलचक उतार जिथे संपतो तिथे इंझोरी आहे, आणि इंझोरीत अगदी रस्त्याला लागून माझ्या मेव्हण्याचं घर आहे.

आता मेव्हण्याचं सांगायला हवं. दिगंबरदादा हा मंगलाचा थोरला भाऊ. त्याच्या मुलीच्या लग्नात मानाच्या पाहुण्यांना टोपी-दुपट्टा देण्याचा कार्यक्रम झाला. व्याह्यांना झाला, मामांना झाला, सरपंचांना झाला, सरपंचांसोबत सहज आलेल्या दोघांनाही झाला. माझ्यापाशी येईपर्यंत दुपट्टे संपले. मला नुसती टोपी मिळाली. मी ती घातली आणि पंगतीत जाऊन बसलो. (खरं सांगायचं तर भर उन्हाळ्यात गळ्यात दुपट्टा नाही म्हणून मला बरंच वाटलं होतं.) तेवढ्यात मंगला मागे येऊन उभी राहिली.

"तुमाले दुपट्टा नाई देल्ला?"

"संपले म्हणे."

"घरच्या जवायाचा दुपट्टा संपला, अन् तुमी मठ्ठा पिऊन राह्यले?"

त्या दिवसापासून दोन वर्षं मंगला माहेरी गेली नाही. दोन दिवाळ्या गेल्या. राखी पोस्टाने गेली, पोस्टाने! जिथे सकाळच्या बसने जाऊन दुपारी परत येता येतं, तिथे! तिचं म्हणणं, दादाने दुपट्टा घेऊन आपल्या दारात यावं. दादाचं म्हणणं, जावयाने दारात यावं, दुपट्टा पेटीत घडी करून ठेवलाय. आधी कोण येतं यावर दोघं भाऊ-बहीण अडून बसले होते आणि मधे मी नुसती टोपी घालून उभा होतो. मंगला याबद्दल कोणापाशी बोलत नसे, पण इंझोरीची बस घरासमोरून गेली की ती काम सोडून खिडकीशी जायची. ते मला दिसायचं आणि फार लागायचं.

त्यात धोंड्याचा महिना लागला. या महिन्यात जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण घालतात, अनारसे देतात. गल्लीतला प्रत्येक जावई फुगून परत येत होता. इंझोरीहून सासूबाईंचा निरोप आला, मंगलाने तो ऐकून घेतला आणि हो-नाही काही म्हटलं नाही. अशा महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मी मागच्या दाराने सायकल काढत होतो.

"कोठी चालले?"

"सोहोळचं जंगल, मग धरण. वकील सोबत आहेत."

"मंजे इंझोरीवरून."

"उतार आहे मंगला. कोणाच्या नजरेस पडायच्या आत गाव मागे पडतं. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, तोंडाला रुमाल. सख्खी आईसुद्धा ओळखणार नाही."

तिने सायकलचं हँडल धरलं. मग एकेक शब्द तोलून म्हणाली, "उंबऱ्याच्या आत पाय नाई टाकायचा. त्या घरचं पानी पन नाई प्यायचं. तुमी एक घोट प्याले तं माही दोन वर्षं पान्यात गेली म्हनून समजा."

"नाही पिणार."

"शपथ?"

"शपथ."

मी निघालो. मागून हाक आली. "अन् आई बाहेर बसली असन तं..." एवढं बोलून ती थांबली. "जाऊ द्या. दिसली तं पाह्यजा, बरी हाय का नाई ते."

मंगलाची शपथ मी वाटेत वकिलांच्या कानावर घातली. सोहोळचा चढ सुरू झाला तेव्हा सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. फक्त आम्ही चालत नव्हतो. नकाशावर चढ म्हणजे दोन-तीन बारीक रेषा असतात. आयुष्यभर मी त्या पोरांना काढायला लावल्या, स्वतः कधी त्यांच्यावर चढलो नव्हतो. शेतात निंदणाला जाणाऱ्या बायकांचा ऑटो शेजारून गेला, त्यातून कोणीतरी ओरडलं, "अवं माय, बापूची चड्डी पाह्य!" आणि अख्खा ऑटो हसत हसत वळणाआड गेला. वकिलांनी एका झाडाखाली थांबून बाटलीतलं सगळं पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतलं. "सर, तुम्ही व्हा पुढे. मी माथ्यावर धरणाचे फोटो काढतो," ते म्हणाले. त्या झाडाखालून धरण दिसत नव्हतं आणि माथाही.

मी एकटा पुढे निघालो. तिथे एक म्हातारबाबा बकऱ्या घेऊन चालले होते. मी जोर लावून त्यांना मागे टाकायला बघत होतो आणि ते काठी खांद्यावर टाकून, अजिबात न धापता, माझ्या बरोबरीने चालत गप्पा मारत होते.

"कोन गावचे?"

"कारंजा."

"इकडे कोनाचे जवाई?"

(आमच्या भागात माणसाची ओळख दोन प्रकारे पटते. तो कोणाचा मुलगा आणि कोणाचा जावई. मधलं शिक्षण, नोकरी वगैरे कोणी विचारत नाही.)

"कोणाचाच नाही," मी रुमालातून म्हणालो.

"असं कसं? एवढा मोठा मानूस अन् कोनाचाच जवाई नाई?" बाबांनी मला खालून वरपर्यंत निरखलं. "दिगंबरच्या घरचे जवाई तं नाई? मास्तर हायत थे. असेच बसतात, पोट मांडीवर ठिऊन."

उत्तर द्यायला लागणारा श्वासच नव्हता. पण माथा आला, उतार लागला आणि मी सुटलो. मागे वळून पाहिलं तेव्हा बाबा बंडीच्या खिशातून मोबाईल काढत होते. या गोष्टीचा अर्थ मला त्या क्षणी लागायला हवा होता.

तो उतार मात्र काय सांगू! दोन्हीकडे ओलं जंगल, खाली धरणाचं पाणी, कानात वारा. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी वेगात होत होतं. इंझोरीची घरं आली. मी मान खाली घातली. दिगंबरदादाचं निळं गेट दिसलं. गेटबाहेर सासूबाई दिसल्या, उभ्या, ठणठणीत. बरी आहे, सांगायचं मंगलाला, असा विचार मी करतोय तोच रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून एक भला मोठा माणूस उभा राहिला. तो दिगंबरदादा होता. त्याच्या मागे निम्मं गाव होतं.

मी दोन्ही ब्रेक दाबले. सायकल थांबली. अगदी व्यवस्थित थांबली. आता पाय खाली टेकवायचा एवढंच काम उरलं होतं, आणि दुकानदाराने त्या दिवशी नेमकं काय सांगितलं होतं ते मला आठवेना. टाच आत, की टाच बाहेर? मी दोन्ही करून पाहिलं. उभ्या उभ्या, कोणाचाही धक्का न लागता, सायकलसकट, मी हळूहळू डावीकडे कललो आणि पडलो. रस्ता होता, नाली होती, पण पडायला मला नेमकं दिगंबरदादाचं उघडं गेट सापडलं. डोकं अंगणात आणि पाय रस्त्यावर! बाटली घरंगळत नालीत गेली.

"आले!" दिगंबरदादा गरजला. "आले जवाईबापू! पाह्यलं नं सगळ्याइनं? स्वतःहून आले!"

"आलो नाही," मी खालून म्हणालो. "पडलो."

"दारात पडले मंजे आलेच नं!"

"न थांबता चाललो होतो."

"मंग थांबले काहून?"

"तुम्ही आडवे आलात म्हणून."

"मंग? जवायाले आडवं नाई येनार तं कोनाले येनार?"

हा वाद मी सायकलखाली पडून घालत होतो. सायकल काढायचं कोणाच्या डोक्यात येईना, कारण माझे पाय तिला का चिकटलेत हे कोणालाच कळत नव्हतं. एकजण म्हणाला, "वेल्डिंग केली वाटते." तेवढ्यात वकील आले. दुरूनच ओरडले, "थांबा! कोणी हात लावू नका!" मला वाटलं, चला, कोणीतरी शिकलेला माणूस आला, आता प्रथमोपचार होतील. वकिलांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, वाकून पाहिलं आणि जमलेल्या गावाला म्हणाले, "डोकं आत आहे. पाय बाहेर आहेत. शर्त पायाची होती. शपथ अबाधित आहे."

"वकीलसाहेब, पाय सोडवा आधी!"

"सर, तुम्ही बोलू नका, केस खराब होईल. दिगंबरभाऊ, येणं म्हणजे काय? येण्याला इरादा लागतो. यांचा इरादा जाण्याचा होता, याला मी साक्षीदार आहे."

"तुमी तं आत्ता आले!"

"इरादा सकाळचा आहे."

शेवटी दोघांनी मला काखेत धरून ओढलं. मी निघालो, बूट निघाले नाहीत. ते पेडललाच लटकून राहिले, आणि मी एका पायावर, मोज्यांत, रस्त्यावर उभा राहिलो. डावा घोटा बघता बघता सुजला. सायकलचं पुढचं चाक पापडासारखं वाकलं होतं.

दिगंबरदादा धावत आत गेला आणि दुपट्टा घेऊन आला. घडी तशीच होती. "घ्या," तो म्हणाला, आणि त्याचा मघाचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "दोन साल झाले, पेटीत ठिऊन हाय. माही चूकच झाली होती थे. पन आता सगळ्या गावापुढे म्हनलो होतो, जवाई दारात आल्याबिगर मी कारंज्याले जानार नाई. कसा येऊ?"

मला तो दुपट्टा घ्यावासा वाटला. खरंच वाटला. पण डोळ्यांसमोर मंगलाचा चेहरा आला आणि मी दोन पावलं मागे सरकलो. (एका पायाने. म्हणजे उड्या मारत.) "आमच्या दारात आणून द्या, दादा. इथे नाही घेता येणार. शपथ आहे."

मग सासूबाई पुढे आल्या.

"तुमचे कायदे तुमच्यापाशी," त्या म्हणाल्या. "धोंड्याचा महिना हाय. म्या पहाटेपासून धोंडे करून राह्यली, लेक-जवाई येत नाई हे मालूम असून. माह्या दारात पडलेला जवाई उपाशी नाई जानार."

वकिलांनी लगेच मत दिलं. आत जायला बंदी आहे. पाण्याला बंदी आहे. रस्ता सार्वजनिक आहे आणि जेवणाचा उल्लेख शपथेत कुठेही नाही. झालं! भर रस्त्यात बाज टाकली गेली. माझ्या घोट्याला हळद लागली, पुढ्यात ताट आलं. धोंडे, पुरणपोळी, अनारसे, भजी. येणारे-जाणारे मोटरसायकली हळू करून नमस्कार करत होते. एसटी आली, ती बाजेला वळसा घालून गेली, आणि कंडक्टरने खिडकीतून विचारलं, "जवाई काय?" वकिलांवर कोणतीही शपथ नव्हती. ते आत पंख्याखाली, माझ्यासाठी मांडलेल्या पाटावर, माझ्यासाठी काढलेल्या रांगोळीत बसून जेवत होते, आणि मधूनमधून ओरडून विचारत होते, "सर, पाणी नाही नं प्यालात?"

पाण्यावाचून पुरणपोळी खाऊन पाहा. पहिली जाते. दुसरी अर्ध्यात थांबते. त्यावर सासूबाई प्रेमाने धोंडा ठेवतात. माझी बाटली नालीत होती, वकिलांची जंगलात त्यांच्या डोक्यावर संपली होती. मला उचकी लागली. साधी नाही, अख्खी बाज हलत होती!

"पानी द्या त्याइले!" कोणीतरी म्हणालं.

"नको!" मी. "उक्! शपथ."

"मंगला आठोन काढून राह्यली असन," सासूबाई म्हणाल्या. उचकी थांबायची वाट बघत त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ती थांबेना, तशा पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "माय माही. कवाची आठोन काढून राह्यली पाह्य."

दिगंबरदादा गेटच्या खांबाला टेकून दुसरीकडे बघत उभा राहिला.

एवढ्यात मंगलाचा फोन आला. मी पडलो होतो तेव्हाच कोणीतरी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. डोकं आत, पाय बाहेर, वर सायकल आणि भोवती उभं गाव. खाली काहीही लिहिलेलं नव्हतं.

"अहो! काय झालं तुमाले?"

"काही नाही. उक्! मी बरा... उक्!"

"रडून राह्यले काय तुमी?"

"नाही. पाणी... उक्! पाणी नाही प्यायलो."

वकील खरकट्या हाताने बाहेर आले आणि त्यांनी फोन घेतला. "वहिनी, काळजी करू नका. आता त्यांना काही त्रास नाही. गाव जमलेलं आहे. नेण्याची व्यवस्था करतो आहोत." आणि फोन ठेवला. दिलासा कसा द्यावा हे वकिली शिक्षणात शिकवत नसावेत.

मला न्यायचं कसं, हा खरा प्रश्न होता. चाक वाकलेलं, घोटा सुजलेला, एसटी गेलेली. वकील म्हणाले, एवढ्या जेवणावर सायकल चालवणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय योग्य नाही. चारचाकी एकट्या दिगंबरदादाकडे होती, सोयाबीन वाहायचा पिकअप. तो चावी काढून निघाला आणि गेटात थबकला. आता त्याच्या लक्षात आलं होतं. मला घरी सोडायचं म्हणजे कारंजात आमच्या दारात यायचं!

"मी चौकापर्यंत सोडतो," तो म्हणाला. "दारापर्यंत नाई."

"मी चौकातून चालणार कसा?"

"उड्या मारत. आत्ता मारल्या तशा."

तसं ठरलं. पिकअपच्या मागच्या हौद्यात मी बाजेवर आडवा, उशाला दोन सायकली, पायथ्याशी वकील. सासूबाईंनी मंगलासाठी अनारशांचा डबा दिला. मी म्हणालो, ती घेणार नाही. त्या म्हणाल्या, "तुमी खायजा मंग." पिकअप जंगलाचा चढ चढू लागला. ज्या डोंगराने सकाळी माझा जीव मेटाकुटीला आणला होता, तोच आता मी दुसऱ्या बाजूने, आडवा पडून, उचक्या देत, सहज चढत होतो. खिशातल्या मोबाईलमधल्या सायकलच्या ॲपने मधेच माझं अभिनंदन केलं. एवढ्या वेगाने कुठलाच चढ मी याआधी कधी चढलो नव्हतो म्हणे.

माथ्यावर पिकअप थांबला. समोर काळविटांचा कळप रस्ता ओलांडत होता. एक नर रस्त्याच्या मधोमध उभा राहून आमच्याकडे बघत होता आणि त्याला काही घाई नव्हती. कळपाच्या पलीकडे कारंजाकडून आलेला एक ऑटो तसाच अडकला होता. ऑटोतून मंगला उतरली.

साडी घरातलीच. पायात एका जोडीच्या दोन चपला नव्हत्या. ती काळविटांच्या कडेकडेने चालत आली, हौद्यात डोकावली. मी उठून बसलो आणि उचकी दिली. जिवंत माणसाची उचकी ऐकून तिने दोन्ही हात पिकअपच्या फळीवर टेकले आणि डोळे मिटून घेतले. मग उघडले.

"पानी प्याले?"

"नाही."

"उंबऱ्याच्या आत?"

"फक्त डोकं."

तिने पुढचं काही विचारलं नाही, कारण तोवर दिगंबरदादा खाली उतरून तिच्यासमोर उभा होता. दोन वर्षांनी.

"दादा," ती म्हणाली, "केवढा वाळला तू!"

(दिगंबरदादाचं वजन माझ्या दीडपट आहे.)

"काय वं मंगले, इंझोरीले येऊन राह्यली होती काय?"

"म्या नवऱ्यासाठी निंघाली होती. तू कारंज्याले येऊन राह्यला होता नं?"

"म्या बी त्याइच्यासाठीच. चौकापर्यंतच येनार होतो."

"म्या बी बाहेरूनच नेनार होती त्याइले."

वकिलांनी घसा साफ केला. "हे वनखात्याचं जंगल आहे," ते म्हणाले. "इथे कोणाचंच दार नाही. इथे कोणी कोणाकडे आलं असं म्हणता येत नाही."

त्या माणसाने दिवसभरात दिलेलं हे एकच मत उपयोगी पडलं. दिगंबरदादाने सीटखालून दुपट्टा काढला. (चौकापर्यंतच येणार होता म्हणे!) हौद्यात चढून त्याने तो माझ्या गळ्यात घातला, माझ्या पाया पडला, आणि बाजेची कड धरून तसाच वाकून राहिला, कारण त्याला चेहरा वर करायचा नव्हता.

"अन् टोपी?" मंगलाने विचारलं.

"टोपी तवाच देल्ली होती."

यावर ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, आणि मग भाऊ-बहीण दोघंही रडले. काळवीट निघून गेलं. ऑटोवाला विचारत होता की वापस जायचं का पुढे. मंगला डोळे पुसत पिकअपच्या पुढच्या सीटवर चढून बसली आणि म्हणाली, "चाल दादा. आईपाशी चाल." तिथेच पिकअप वळला. मी हौद्यात होतो, मला कोणी विचारलं नाही. उचकी कधी थांबली ते माझ्या लक्षातच आलं नाही. त्या दुपारी मी उंबऱ्याच्या आत दोन्ही पायांनी गेलो, तांब्याभर पाणी प्यालो, आणि लेक आली म्हणून पुन्हा मांडलेल्या पंगतीत पुन्हा जेवलो.

आता घोटा बरा आहे, चाकही नवीन आहे. पूर्वी मागच्या दाराने बाहेर काढणारी बायको आता रविवारी पहाटे स्वतः हलवून उठवते. "उठा नं, इंझोरीले नाई जायचं काय?" आणि दादासाठी एक डबा सायकलला बांधते. तिकडे बकऱ्यावाले बाबा मी माथ्यावर पोचलो की फोन करतात, म्हणजे पोळी तव्यावर पडते. जवाई सायकलनं आला, थकला असन, म्हणून सासूबाई पुरण जास्त भरतात, वर तूप सोडतात, आणि परतीचा चढ मी पिकअपमधून चढतो. सगळं सुरळीत चाललं होतं. परवा डॉक्टरांनी नवा रिपोर्ट पाहिला, जुना पाहिला, पुन्हा नवा पाहिला.

"सर, सायकल खरंच चालवता?"

"दर रविवारी. डोंगर, जंगल, तळं, सगळं."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हात जोडले.

"मग एक करा सर. सायकल बंद करा."